क्षीण प्रकाशकिरण आणि त्यांचे व्यतिकरण

प्रकाशात प्रकाश मिळविला असता काही ठिकाणी अंधार उत्पन्न होतो, हे विधान प्रथमदर्शनी विसंगत वाटते. एका दिव्याशेजारी दुसरा दिवा ठेवला तर खोली अधिक उजळते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. तथापि योग्य रीतीने मांडलेले दोन प्रकाशकिरण एकत्र आले म्हणजे पडद्यावर काही जागी प्रकाश चौपट होतो व काही जागी मुळीच उरत नाही. या घटनेस व्यतिकरण असे म्हणतात. आश्चर्य असे की, हे किरण अतिशय क्षीण केले, इतके की प्रकाश एकेका कणाने येऊ लागला, तरीही हे पट्टे उमटतातच. असा क्षीण प्रकाश ओळखावयाचा कसा, त्याचे पट्टे पाहावयाचे कसे आणि या खटाटोपाचा उपयोग काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हा विषय प्राथमिक शाळेच्या पाठ्यक्रमात जसाच्या तसा आढळणार नाही. परंतु आपल्या राज्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ याच तत्त्वावर चालणारी एक मोठी वेधशाळा उभारावयाची आहे. तिच्याविषयी मुले प्रश्न विचारतील तेव्हा शिक्षकाजवळ उत्तर असावे. शिवाय लेसरचे स्वस्त दिवे आज जत्रेतील खेळण्यांच्या दुकानांतही मिळतात. त्यांचा उपयोग व त्यांचा धोका या दोहोंची माहिती शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

तळ्यातील तरंग

तळेगाव दाभाडे या गावाच्या नावातच तळे आहे. मावळातील शिक्षकास या पाठाचा आरंभ एखाद्या तळ्याच्या काठी करता येईल. वारा पडलेला असताना स्थिर पाण्यात एक खडा टाकावा. त्याभोवती वर्तुळाकार तरंग पसरतात. आता दोन खडे दोन-तीन हातांच्या अंतरावर एकाच वेळी टाकावेत. दोन्ही वर्तुळे एकमेकांत शिरतात त्या भागाकडे मुलांचे लक्ष वेधावे. जेथे एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर येतो, तेथे पाणी दुप्पट उचलले जाते. जेथे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो, तेथे पाणी जवळजवळ स्थिर राहते.

प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते, हे इंग्लंडमधील टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. प्रकाशाचे तरंग मात्र फार सूक्ष्म असतात. तांबड्या प्रकाशाच्या लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधील अंतर, म्हणजे तरंगलांबी, सुमारे ०.०००६५ मिलिमीटर असते. प्रकाशाची तीव्रता ही तरंगाच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सबब उंची दुप्पट झाली तर प्रकाश चौपट होतो व उंची शून्य झाली तर अंधार पडतो. येथे एक शंका मुले हमखास काढतील : अंधाराच्या जागचा प्रकाश गेला कोठे? उत्तर असे की, तो नाहीसा होत नाही, त्याची वाटणी बदलते. एका पट्ट्यात चार भाग, शेजारच्या पट्ट्यात शून्य, सरासरी दोन. दोन किरणांचा मिळून प्रकाश तेवढाच राहिला.

लेसरचे वैशिष्ट्य

मग दोन कंदिलांच्या प्रकाशात असे पट्टे का दिसत नाहीत? कंदिलाच्या ज्योतीतील असंख्य अणू आपापल्या लहरीप्रमाणे प्रकाश सोडीत असतात. बाजारातील गर्दीत जसे कोणाचे पाऊल कोणाच्या पावलाशी जुळत नाही, तसे हे तरंग असतात. पट्टे बनतात, पण क्षणाच्या अत्यल्प भागात जागा बदलतात आणि डोळ्यास सर्वत्र सारखाच उजेड दिसतो. लेसरचा प्रकाश याच्या उलट, टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली घालणाऱ्या दिंडीसारखा असतो. सर्व तरंग एका तालात चालतात. म्हणून लेसरच्या एका किरणाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणले तर पट्टे स्पष्ट व स्थिर दिसतात.

पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालविला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर चंद्रकुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. धातू कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत या लेसरचा उपयोग होतो. पटेल यांचा जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातील बारामतीचा, १९३८ सालचा आणि त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

प्रकाश कणाकणाने येतो

प्रकाश तरंगाप्रमाणे पसरतो हे खरे. पण तो जेथे शोषला जातो तेथे अखंड धारेसारखा न येता सुट्या दाण्यांसारखा येतो. या दाण्यांस फोटॉन म्हणतात. ही कल्पना आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडली. एका फोटॉनमध्ये किती ऊर्जा असते ते माहीत असल्यामुळे आपणांस पुढील हिशेब करता येतो.

खेळण्यातील तांबड्या लेसरची शक्ती १ मिलिवॅट धरली, तर त्यातून दर सेकंदास ३ या आकड्यावर १५ शून्ये दिल्यास जी संख्या होईल सुमारे तितके फोटॉन बाहेर पडतात. प्रकाश सेकंदास ३ लक्ष किलोमीटर, म्हणजे ३० कोटी मीटर जातो. भागाकार केला तर किरणाच्या प्रत्येक मीटर लांबीत सुमारे १ कोटी फोटॉन एका वेळी वाटचाल करीत असतात.

आता या किरणाच्या वाटेत अशी काळी काच ठेवू की जिच्यातून केवळ दहावा हिस्सा प्रकाश पार जातो. दोन काचा ठेवल्या तर शंभरावा हिस्सा, तीन ठेवल्या तर हजारावा. काचांची बेरीज होते, पण प्रकाशाचा गुणाकार होतो, हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे. सात काचांनंतर १ कोटीवा हिस्सा उरतो, म्हणजे एका मीटरच्या वाटेत सरासरी एकच फोटॉन. नऊ काचा ठेवल्या तर शंभर मीटरमागे एक. अशा वेळी एक मीटर लांबीची पेटी घेतली, तर शंभरांपैकी नव्याण्णव वेळा ती रिकामीच असते. क्षीण किरण म्हणतात तो हा.

‘सरासरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. लेसरमधून निघालेले फोटॉन घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे समान अंतराने येत नाहीत. मृगाच्या पहिल्या सरीचे थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा कधी दोन लागोपाठ वाजतात, कधी बराच वेळ शांतता असते. तद्वतच येथेही घडते. म्हणून क्षीण प्रकाश मोजणाऱ्यास एक नियम पाळावा लागतो : मोजलेल्या संख्येत तिच्या वर्गमूळाइतकी अनिश्चितता सहजच असते. १०० फोटॉन मोजले तर १० चा फरक स्वाभाविक, म्हणजे शेकडा १०. दहा हजार मोजले तर १०० चा फरक, म्हणजे शेकडा १. अचूकपणा दहापट हवा असेल तर मोजणी शंभरपट करावी लागते. यास दुसरा सोपा मार्ग नाही.

क्षीण प्रकाश ओळखण्याची साधने

निसर्गाने दिलेले पहिले साधन म्हणजे डोळा. अंधारात अर्धा तास बसल्यानंतर तो किती तीक्ष्ण होतो हे खेड्यातील माणसास सांगावयास नको. अमावास्येच्या रात्री शेतावर राखणीस गेलेल्या माणसाला केवळ चांदण्यांच्या उजेडात पायवाट दिसते. अमेरिकेत १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, अंधारास सरावलेल्या डोळ्याच्या पटलावर पाच-सात ते दहाबारा फोटॉन शोषले गेले तरी चमक जाणवू शकते. परंतु डोळा मोजणी करीत नाही व प्रकाश साठवून ठेवीत नाही.

साठविण्याचे काम छायाचित्राची काच करते. तीवर आज पडलेला कण व महिन्यानंतर पडलेला कण एकाच चित्रात जमा होतात. मोजण्याचे काम प्रकाशविद्युत् नळी करते. तिच्यातील धातूच्या पटलावर फोटॉन आदळला म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो पुढील पट्टीवर जोराने आदळून आणखी काही इलेक्ट्रॉन सोडवितो आणि असे टप्पे पार करता करता एकाचे दहा लक्ष वा त्याहून अधिक इलेक्ट्रॉन होतात. विजेचा एवढा लोट यंत्रास सहज जाणवतो व एक ‘टिक्’ नोंदली जाते. आता याच कामासाठी सिलिकॉनचे लहानसे तुकडेही वापरतात.

या साधनांचा एक दोष आहे. झाकण घट्ट लावून पूर्ण अंधार केला तरी काही टिका होतच राहतात, कारण पटलाच्या उष्णतेनेच अधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. म्हणून यंत्र थंड ठेवतात आणि प्रथम झाकण लावून मोजणी करतात. नंतर प्रकाश सोडून मोजतात व पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करतात. वाणी तेल मोजण्यापूर्वी रित्या भांड्याचा धडा करतो, तसाच हा प्रकार आहे. धडा न करता मोजलेल्या तेलावर जसा विश्वास ठेवू नये, तसा अंधाराची मोजणी न केलेल्या प्रयोगावरही ठेवू नये.

तीन महिन्यांचे छायाचित्र

एकेका कणाने येणाऱ्या प्रकाशाचे पट्टे उमटतील काय, हा प्रश्न लेसरचा शोध लागण्यापूर्वीच विचारला गेला होता. केंब्रिज येथील जेफ्री टेलर या तरुण संशोधकाने १९०९ साली त्याचे उत्तर दिले. त्याची सामग्री अगदी साधी होती : एक गॅसची ज्योत, एक अरुंद फट, काजळी धरलेल्या काचा, एक सुई व छायाचित्राची काच. सुईच्या दोन्ही कडांवरून वळून येणाऱ्या प्रकाशामुळे तिच्या सावलीत व सावलीभोवती बारीक पट्टे उमटतात. टेलरने काजळीच्या काचा वाढवीत प्रकाश इतका मंद केला की, तो एक मैलाहून थोड्या अधिक अंतरावर जळणाऱ्या मेणबत्तीच्या प्रकाशाएवढा झाला. मग त्याने सर्व सामग्री पेटीत बंद केली व काच सुमारे २,००० तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने, तशीच ठेवली. काच धुतल्यावर दिसले की, प्रखर प्रकाशात काही क्षणांत जसे पट्टे येतात तसेच स्पष्ट पट्टे उमटले होते.

याचा अर्थ फार खोल आहे. पेटीत बहुधा एका वेळी दोन कणही नव्हते, तर एकमेकांस छेदणार कोण? तरीही पट्टे उमटले. म्हणजे प्रत्येक कण कोठे पडण्याचा किती संभव आहे, हे दोन्ही वाटांचा मिळून होणारा तरंग ठरवितो. एक कण एकच ठिपका उमटवितो. तो ठिपका कोठे पडेल हे सांगता येत नाही. पण हजारो ठिपक्यांची एकत्र रचना कशी होईल हे निश्चित सांगता येते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली, तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची ही योजना चालविली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याची उभारणी केली. एका पैशाने कारखाना उभा राहत नाही व एका फोटॉनने चित्र उमटत नाही. दोन्हीकडे बळ साठ्याचे आहे. मावळातील मुलांस काजळीच्या काचेचा प्रयोग समजावून देताना या कारखान्याचा दाखला जवळचा वाटेल.

मात्र साठा करावयाचा तर जागा हलता कामा नये. दोन वाटांच्या लांबीतील फरक अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाने बदलला, तर उजळ पट्ट्याच्या जागी काळा येतो व सगळे चित्र पुसले जाते. टेलरच्या प्रयोगात दोन्ही वाटा सुईच्या दोन कडांवरून, अगदी शेजारून जात होत्या. म्हणून तीन महिने निभावले. वाटा जितक्या लांब व वेगळ्या, तितकी अडचण मोठी. तळेगाव-चाकण मार्गासारख्या अवजड वाहनांच्या रस्त्याकाठी असा प्रयोग दगडी फरशी, वाळूची बैठक व रात्रीची शांतता यांवाचून साधणार नाही.

प्रबळ किरणाचे साहाय्य

क्षीण किरण ओळखण्याची आणखी एक युक्ती व्यतिकरणातूनच मिळते. ती समजण्यास बीजगणितातील वर्गाचे सूत्र पुरेसे आहे.

क्षीण किरणाच्या तरंगाची उंची १ मानू. त्याची तीव्रता १ चा वर्ग, म्हणजे १. म्हणजेच मोजणीच्या वेळात एकच फोटॉन येतो. यंत्राच्या स्वतःच्या टिका त्याच वेळात १०० होत असतील, तर हा एक त्यांत बुडून जाईल. आता याच लेसरमधून निघालेला एक प्रबळ किरण घेऊ. त्याच्या तरंगाची उंची १,००० आहे. दोन्ही किरण अर्धपारदर्शक आरशावर एकत्र केले. उंचवट्यावर उंचवटा आला तर उंची १,००१, तीव्रता १०,०२,००१. उंचवट्यावर खळगा आला तर उंची ९९९, तीव्रता ९,९८,००१. या दोहोंतील फरक ४,०००. जो किरण एकटा असताना १ होता, त्याने प्रबळ किरणाच्या संगतीत चार हजारांचा फरक घडविला.

तथापि यात फुकटचा लाभ नाही. प्रबळ किरणही फोटॉनांचाच बनलेला आहे. त्याच्या दहा लक्षांच्या मोजणीत वर्गमूळाच्या नियमाने हजाराची अनिश्चितता येतेच. चार हजारांचा फरक तिच्यावर उठून दिसतो, एवढेच. म्हणजे या युक्तीने यंत्राच्या दोषांवर मात करता येते. प्रकाशाच्या दाणेदारपणावर मात मात्र मोजणी वाढवूनच करावी लागते.

औंढा नागनाथ येथील वेधशाळा

तरंगांची भेट घडवून क्षीण संदेश ओळखण्याचे कार्य आपल्या जिल्ह्यास नवे नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओतरंगांचे असेच व्यतिकरण घडवून आणतात. प्रकाशतरंगांच्या बाबतीत हे तत्त्व पराकोटीस नेणारे यंत्र म्हणजे अमेरिकेतील ‘लायगो’ होय.

लायगोमध्ये लेसरच्या किरणाचे अर्धपारदर्शक आरशाने दोन भाग करतात. प्रत्येक भाग काटकोनात असलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या निर्वात नळीतून जातो, टोकाच्या आरशावरून परततो आणि दोन्ही भाग पुन्हा भेटतात. मांडणी अशी असते की, भेटीच्या जागी एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर यावा. त्यामुळे निर्गमद्वारापाशी जवळजवळ अंधार असतो. दूर अंतराळात प्रचंड घडामोड होऊन गुरुत्वीय तरंग पृथ्वीवरून गेला, तर एक बाहू किंचित लांबतो व दुसरा किंचित आखडतो. मग तरंगांचे जुळणे बिघडते आणि अंधाऱ्या दारातून प्रकाशाचा क्षीण बदल बाहेर पडतो. तोच संदेश.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी असा पहिला संदेश नोंदला गेला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यामुळे ४ किलोमीटर लांबीत जो फरक पडला, तो अणुगर्भातील एका प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. हा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला व २०१७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना मिळाले.

वर सांगितलेले दोन्ही नियम येथे कामास येतात. बाहूंमध्ये २०१५ साली सुमारे १०० किलोवॅट प्रकाश खेळविला जात होता, तो वर्गमूळाच्या नियमासाठी : फोटॉन अधिक, तितकी अनिश्चितता प्रमाणाने कमी. आणि निर्गमद्वार पूर्ण अंधारे न ठेवता थोडा प्रकाश मुद्दाम गळू देतात, तो प्रबळ किरणाचे काम करतो. त्याच्या संगतीने अतिक्षीण बदल उठून दिसतो.

नोंदीतील खळबळीतून असा संदेश वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनी या शोधाच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम केले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली व तिचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर होते. लायगोसारखेच ४ किलोमीटर बाहूंचे यंत्र औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आवाज कोणत्या दिशेने आला हे आपण दोन कानांनी ओळखतो. तसेच एकमेकांपासून दूर असलेली यंत्रे जितकी अधिक, तितकी आकाशातील जागा अचूक सांगता येते. भारतातील यंत्राचे महत्त्व यात आहे.

वर्गात करावयाचे प्रयोग

प्रयोग १ ला : केसाची जाडी. १ मिलिवॅट वा त्याहून कमी शक्तीचा तांबडा लेसर टेबलावर विटांच्या आधाराने पक्का बसवावा. जाड पुठ्ठ्याला लहान खिडकी पाडून तिच्यावर एक केस ताणून चिकटवावा व तो किरणाच्या वाटेत धरून ठेवावा. खोली अंधारी करून ३ मीटर अंतरावरील भिंतीवर पाहावे. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस उजळ व काळे पट्टे दिसतील. टेलरच्या सुईचाच हा प्रकार आहे. एका बाजूच्या पहिल्या काळ्या पट्ट्यापासून पाचव्यापर्यंतचे अंतर मोजून त्यास ४ ने भागावे. पट्ट्यांतील अंतर २८ मिलिमीटर आले असे समजा. तरंगलांबी गुणिले भिंतीचे अंतर, भागिले पट्ट्यांतील अंतर, या रीतीने ०.०००६५ × ३,००० ÷ २८ = सुमारे ०.०७ मिलिमीटर ही केसाची जाडी. फुटपट्टीने केस मोजता येतो, याचे मुलांस मोठे नवल वाटते.

प्रयोग २ रा : चिठ्ठ्यांचे फोटॉन. यास कसलेही यंत्र लागत नाही. पडद्यावरील पाच पट्ट्यांना १ ते ५ क्रमांक द्यावेत. १, ३ व ५ हे उजळ, २ व ४ हे काळसर. पिशवीत उजळ क्रमांकांच्या प्रत्येकी ४ व काळसर क्रमांकांच्या प्रत्येकी १, अशा एकूण १४ चिठ्ठ्या घालाव्यात. पिशवीत काय आहे हे मुलांस सांगू नये. प्रत्येक मुलाने चिठ्ठी काढावी, आकडा लिहावा, चिठ्ठी परत टाकावी व पिशवी हलवावी. असे १४ वेळा करावे. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे पडद्यावर पडलेला एक फोटॉन. नंतर प्रत्येकास विचारावे की, पट्टे कोणते? एकेका मुलाच्या नोंदीवरून उत्तरे निरनिराळी येतील, काही अगदी चुकीचीही येतील. मग २० मुलांच्या नोंदींची बेरीज फळ्यावर करावी. २८० चिठ्ठ्यांत उजळ पट्ट्यांना प्रत्येकी सुमारे ८० व काळसर पट्ट्यांना सुमारे २० येतील आणि रचना सर्वांस उघड दिसेल.

शक्य असेल तेथे पुण्यास आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची सहल योजावी.

डोळ्यांविषयी सावधगिरी

लेसरचा किरण डोळ्यात शिरला तर डोळ्यातील भिंग तो पटलावर अतिशय लहान बिंदूत एकवटते. १ मिलिवॅटच्या किरणापुढे पापणी आपोआप मिटून डोळा वाचतो. त्याहून प्रखर किरणापुढे पापणी मिटण्यापूर्वीच इजा होऊ शकते. ही इजा पुष्कळदा वेदनारहित असते व कायमची राहू शकते. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर मिरवणुकींतील लेसर दिव्यांमुळे नेत्रपटलास इजा झाल्याची उदाहरणे राज्यातील नेत्रतज्ज्ञांनी पुढे आणली होती. म्हणून पुढील नियम पाळावेत. लेसर मुलांच्या हाती देऊ नये. किरण बसलेल्या व उभ्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीत येऊ देऊ नये. वाटेत आरसा, ताटली, घड्याळ अशा चकाकणाऱ्या वस्तू ठेवू नयेत. शक्ती लिहिलेली नाही असा, विशेषतः हिरवा लेसर, शाळेत वापरूच नये. आणि जत्रेतून आणलेला लेसर एखाद्या मुलाजवळ दिसला तर तो केवळ काढून न घेता कारण समजावून द्यावे व पालकांसही कळवावे.

समारोप

या सर्व विवेचनातून शिक्षकाने मुलांस द्यावयाची गोष्ट एकच आहे : क्षीण म्हणजे नाही, असे नव्हे. जे क्षीण आहे ते ओळखण्यास अंधाराची मोजणी, स्थिर बैठक, पुष्कळ नोंदी व धीर लागतो.

हीच गोष्ट आपल्या कामासही लागू पडते. चिठ्ठ्यांच्या प्रयोगात एका मुलाच्या चौदा चिठ्ठ्यांवरून पट्टे ओळखू पाहणारा जसा फसतो, तसा एका चाचणीच्या गुणांवरून मुलास ‘मंद’ ठरविणारा शिक्षकही फसण्याचा संभव असतो. थोड्या नोंदींत वर्गमूळाची अनिश्चितता मोठी असते. ज्या मुलाचा प्रकाश मंद दिसतो त्याच्या नोंदी अधिक घ्याव्यात, अधिक दिवस घ्याव्यात व निरनिराळ्या कामांत घ्याव्यात. औंढा नागनाथचे यंत्र चालू होईल तेव्हा त्यापुढे बसून काम करणारी पिढी आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकत आहे. तीत मावळातील मुलेही असावीत, यासाठी केसाचा व चिठ्ठ्यांचा प्रयोग या सत्रातच आपल्या शाळेत करून पाहावा आणि मुलांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, अशी विनंती आहे.